जुन्या मोटरबोटीचा डॅशबोर्ड: लाकूड जपायचे, वायरिंग बदलायचे

नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या शेडमध्ये सध्या एका जुन्या मोटरबोटीचे काम चालू आहे. ही १६ फुटांची बोट १९६० च्या दशकात मुंबईत बांधलेली आहे. तिच्या फळ्या सागवानी आहेत आणि मधल्या झाकणाखाली पेट्रोल इंजिन आहे. साच्यातून निघणाऱ्या फायबरच्या बोटींनी बाजार व्यापला, त्याच्या आधीच्या पिढीतली ती आहे. तिच्या तळाविषयी आणि इंजिनाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण या लेखात मी केवळ तिच्या डॅशबोर्डाविषयी आणि त्यामागच्या वायरिंगविषयी लिहिणार आहे, कारण ही दोन कामे एकाच फळीच्या दोन बाजूंना असूनही त्यांना लागणारी वृत्ती अगदी वेगवेगळी असते.

या कामात माझी भूमिका पहिल्यापासून ठरलेली होती. फळीच्या पुढच्या बाजूला जे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते, ते शक्य तितके मूळचेच राहिले पाहिजे. आणि मागच्या बाजूला जिच्यातून वीज वाहते अशी एकही जुनी तार शिल्लक राहता कामा नये. जुन्या वाहनांची हौस असणाऱ्या माझ्या काही मित्रांना ही भूमिका अर्धवट वाटते. त्यांच्या मते सुती विणीची, रबरी इन्सुलेशनची जुनी वायरसुद्धा जपायला हवी. मोटारीच्या बाबतीत मी कदाचित त्यांचे ऐकले असते. बोटीच्या बाबतीत ऐकणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीच्या इंजिनातून गळलेले पेट्रोल खाली रस्त्यावर पडते आणि उडून जाते. बोटीचा तळ मात्र चारी बाजूंनी बंद असल्यामुळे ती वाफ तिथेच साचून राहते आणि एखाद्या सैल जोडातली लहानशी ठिणगीही तिला पुरते.

जुने काढण्याआधी ते नीट लिहून ठेवणे, हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे असे मी मानतो. फोटो काढावेत, भरपूर काढावेत, पण केवळ फोटोंवर विसंबू नये, कारण ५०-६० वर्षांत वायरींचे रंग इतके विटतात की तपकिरी, जांभळा आणि लाल यांत फरक करता येत नाही. आम्ही प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी बांधली, मल्टिमीटरने ती कुठून कुठे जाते ते तपासले आणि मगच आराखडा काढला. आराखडा कागदावर उतरू लागला तशी मूळ बांधणाऱ्याची शिस्त दिसू लागली. त्याने ब्रिटिश गाड्यांतली, लुकास या विजेचे सामान बनवणाऱ्या कंपनीची रंगपद्धत पाळली होती: बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी, इग्निशनच्या किल्लीनंतरची पांढरी, किल्लीनंतर फ्यूजमधून जाणारी हिरवी आणि अर्थची, म्हणजे परतीची, काळी. त्या शिस्तीवर नंतरच्या मालकांनी आपापली भर घातली होती. कुठे घरगुती फिटिंगची दोनपदरी वायर होती, कुठे फ्यूज टाळून सरळ जोडलेला पंप होता, तर कुठे नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारा होत्या.

एक वायर मी मुद्दाम कापून पाहिली. तपकिरी आवरणाचे पहिले पेर सोलले तेव्हा आतले तांबे काळे निघाले. आणखी वीतभर सोलले, तरी काळेच. रबर हाताला खडखडीत लागत होते आणि वाकवताच त्याचे तुकडे पडत होते. दमट हवा आणि पाणी उघड्या टोकातून आत शिरते आणि तारांच्या मधल्या बारीक फटींतून पुढे पुढे सरकत जाते, त्यामुळे नुसते टोक छाटून नवीन लग, म्हणजे टोकाला बसवायची धातूची कडी, लावण्याने काही साधत नाही. ती काळी तार पाहिल्यानंतर सगळे वायरिंग बदलण्याविषयी शेडमधल्या कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

डॅशबोर्ड उतरवताना एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागली. आमच्या बोटीतला पाण्याच्या तापमानाचा मीटर विजेवर चालणारा नाही. त्याच्या मागून एक केसासारखी बारीक नळी निघते आणि ती इंजिनातल्या एका लहान बल्बपर्यंत जाते. त्या बंद नळीत ईथर असते. इंजिन तापले की ईथरचा दाब वाढतो आणि त्या दाबाने मीटरमधली वळवलेली नळी उलगडून काटा फिरतो. ही बारीक नळी कापली किंवा तिला घडी पडली, तर मीटर कायमचा निकामी होतो. म्हणून आधी इंजिनाकडचे टोक सोडवायचे, नळीचे मोठे वेटोळे करून ते मीटरलाच बांधायचे आणि मग दोन्ही एकत्र बाहेर काढायचे, असा क्रम आम्ही ठेवला. मोडीत गेलेल्या जुन्या बोटींत आणि गाड्यांत ही नळी पकडीने कापलेली पाहिली की फार वाईट वाटते.

आता लाकडाकडे वळतो. फळी अखंड सागाची आहे. तिच्यावर व्हार्निशचे थर चढत गेले होते, आणि त्याहीवर कोणीतरी फर्निचरला करतात तसे मेलामाइन पॉलिश मारलेले होते. घरातल्या कपाटाला मेलामाइन शोभते. उन्हात तापणाऱ्या, ओलाव्याने फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या फळीवर त्याचा कडक थर तडकतो, आणि त्या तड्यांतून पाणी आत जाऊन लाकूड काळे पडते. हा सगळा थर हीट गनने मऊ करून खरवडणीने काढला. सँडिंग मशीन मी फळीला लावू दिले नाही, कारण मीटरांच्या भोकांच्या कडा मशीनखाली गोल होतात आणि मग पितळी रिंग फळीला टेकत नाही. शेवटी १२० पासून २२० पर्यंतचे पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेने, हातानेच फिरवले.

स्क्रूंच्या भोवतालचे काळे डाग मात्र पॉलिश पेपरने जाणारे नव्हते. मूळच्या पितळी स्क्रूंच्या जागी मधल्या काळात लोखंडी स्क्रू बसवलेले होते. लोखंड आणि लाकडातले टॅनिन ओलाव्यात एकत्र आले की निळसर काळा डाग तयार होतो आणि तो खोल उतरतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचा उपाय आहे. त्याचे स्फटिक कोमट पाण्यात विरघळवून ते पाणी ब्रशने लावायचे, वाळू द्यायचे आणि नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढायचे. हे ॲसिड विषारी आहे, आणि वाळल्यावर त्याची पूड हवेत उडाली तर नाकाघशाला जाळते. म्हणून हातमोजे आणि मास्क लावावेत आणि नीट धुतल्याशिवाय पॉलिश पेपर फिरवू नये. केवळ डागावरच ते लावले तर तिथे फिकट ठिपका उरतो, म्हणून पूर्ण फळीला एकसारखे लावले. डाग गेले, आणि सागाचा मूळ सोनेरी तपकिरी रंग वर आला.

फळीत काही भोके नंतर पाडलेली होती: एक टेपरेकॉर्डरसाठी, काही प्लास्टिकच्या बटणांसाठी. ती बुजवण्यासाठी नवा साग चालत नाही. लवकर तोडलेल्या झाडाच्या नव्या सागाच्या रेषा विरळ असतात आणि रंगही फिका असतो. जुन्या नाशकातले वाडे उतरवले जातात, तेव्हा त्यांच्या तुळया, चौकटी आणि तक्तपोशीचे लाकूड जुना माल विकणाऱ्यांकडे येते. तिथे आम्हाला एका चौकटीचा तुकडा मिळाला आणि त्याच्या रेषा आमच्या फळीशी आश्चर्य वाटावे इतक्या जुळल्या. ठिगळे बसवायला आलेले सुतारकाका पंचवटीत राहतात आणि त्यांनी अशा कितीतरी वाड्यांच्या चौकटी दुरुस्त केल्या आहेत. त्यांनी तुकडा फळीवर ठेवला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, रेषेला रेष मिळाली तरच ठिगळ खपतं. रंगाने लपवायला गेलात तर उन्हात ते वेगळं दिसणारच." त्यांनी गोल भोकेही गोल ठेवली नाहीत. पटाशीने त्यांना शंकरपाळ्याचा आकार दिला, कारण रेषांना आडवी जाणारी कड नजरेला चटकन सापडते आणि तिरपी कड रेषांत मिसळून जाते.

सागाला डिंक धरत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण सागाच्या अंगातले तेल आहे. त्याच तेलामुळे तो पाण्यात टिकतो. चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसले आणि तेल पुन्हा वर येण्याआधीच इपॉक्सी लावले, तर जोड पक्का बसतो. व्हार्निश लावतानाही हीच पुसणी करावी.

व्हार्निशसाठी आम्ही बोटींसाठीच बनवलेले, अतिनील किरणांना रोखणारे स्पार व्हार्निश निवडले. त्यात तेलाचे प्रमाण जास्त असल्यामुळे ते लाकडाबरोबर ताणले आणि आकसले जाते. पहिला हात निम्मे थिनर घालून पातळ द्यायचा म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे हात क्रमाने दाट करत न्यायचे आणि दर दोन हातांच्या मध्ये ३२० च्या पेपरने चमक घालवून घ्यायची. आठ हातांच्या खाली थांबू नये, असे माझे मत आहे, कारण ऊन दरवर्षी वरचा थर खाते आणि खाली शिल्लक असावी लागते. वेळ मात्र हवामानाप्रमाणे निवडावी. पावसाळ्यात नाशकात हे काम काढण्यात अर्थ नाही. दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते दिवसेंदिवस चिकट राहते, आणि एप्रिलमध्ये वाऱ्याबरोबर धूळ येऊन बसते. आम्ही फेब्रुवारी धरला. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची आणि सकाळी ऊन वर आल्यावर हात द्यायचा, हा क्रम चांगला जमला.

मीटर बहुतेक स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे आहेत. लहान मीटरांची भोके ५२ मिलिमीटरची आहेत आणि हे माप आजही चालू आहे, ही मोठी सोय. तबकड्यांना आम्ही हात लावला नाही. आकड्यांचा रंग थोडा पिवळसर झाला आहे, तो तसाच राहू दिला. पितळी रिंगांवरचे क्रोम मात्र सोलले होते, ते अंबडच्या एका प्लेटिंगवाल्याकडून नव्याने करून घेतले. बफिंग कमीत कमी करायला त्यांना आवर्जून सांगावे लागते, नाहीतर रिंगेची धारदार कड घासून जाते आणि ती पुन्हा आणता येत नाही.

तेलाच्या दाबाच्या मीटरला इंजिनाकडून तांब्याची बारीक नळी येते आणि तिच्यात प्रत्यक्ष तेल असते. तांबे सततच्या थरथरीने कडक होते आणि एके दिवशी तडकते. तसे झाले तर गरम तेल थेट चालकाच्या पायावर येईल. भांडी घडवणाऱ्या एका तांबट कारागिराकडून नवी नळी लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घेतली आणि इंजिनाजवळ तिला दोन वेटोळी दिली, म्हणजे थरथर त्या वेटोळ्यांत जिरते.

पुढच्या बाजूला मी फक्त एक मीटर बदलला, तो म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह दाखवणारा ॲमीटर. जुन्या पद्धतीत बॅटरीचा जवळजवळ सगळा प्रवाह जाड वायरीने डॅशपर्यंत येतो, ॲमीटरमधून जातो आणि परत फिरतो. म्हणजे लाकडी फळीच्या मागे दोन उघडे स्क्रू कायम जिवंत असतात. मूळच्या डायनामोच्या जागी आता ठिणगी बाहेर न पडू देणारा, बोटींसाठी बनवलेला अल्टरनेटर बसला आहे आणि त्याचा पूर्ण प्रवाह त्या ३० अँपिअरच्या मीटरला पेलवणाराही नाही. त्याच्या जागी स्मिथ्सचाच, त्याच काळातला बॅटरी दाखवणारा व्होल्टमीटर बसवला. तो मुंबईच्या चोर बाजारात मिळाला. विश्रांतीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास काटा दिसला की चालकाला हवे ते सगळे कळते. ॲमीटर कापडात गुंडाळून बोटीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे. डायनामोच्या विजेवर नियंत्रण ठेवणारा लुकासचा रेग्युलेटर बॉक्सही काढला, कारण त्याची टोके उघडमीट करताना ठिणगी टाकतात आणि तो नेमका इंजिनाच्या कप्प्यात होता.

फळी व्हार्निशखाली वाळत असताना वायरिंग बाहेरच तयार झाले. डॅशचा आकार प्लायवूडवर गिरवून, प्रत्येक मीटरच्या जागी खिळे ठोकून, त्या खिळ्यांभोवती वायरींचा जुडगा बांधत नेला. नाशकात यासाठी लागणारे कसब भरपूर आहे. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअरचे आणि पॅनेलचे इतके कारखाने आहेत की चांगले क्रिंपिंग टूल (लग वायरीवर दाबून बसवणारी पकड), योग्य मापाचे लग आणि वायरीवर चढवायची क्रमांकांची फेरूल शोधत फिरावे लागत नाही. फक्त बोटीसाठीची वायर बाहेरून मागवावी लागली. तिच्यातली तांब्याची प्रत्येक बारीक तार कथिलाने मढवलेली असते. आपल्या घरच्या पितळी पातेल्यांना कल्हई जे संरक्षण देते, तेच इथे तारेला मिळते.

जाडी ठरवताना विजेचा प्रवाह पाहायचा आणि अंतरही पाहायचे. मागच्या बॅटरीपासून डॅशपर्यंत, वळणे धरून, साधारण ५ मीटर होतात. जाऊन-येऊन १० मीटर. २.५ स्क्वेअर एमएमची वायर १० मीटरला सुमारे ०.०७ ओहम रोध देते; म्हणजे १० अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. घरातल्या २३० व्होल्टमध्ये हे जाणवत नाही, पण १२ व्होल्टमध्ये ते जवळजवळ ६ टक्के आहे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार नेव्हिगेशनचे दिवे, तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा म्हणजे ब्लोअर आणि पॅनेलची मुख्य वायर यांत घट ३ टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणून मुख्य वायर ६ स्क्वेअर एमएमची घेतली, आणि घट ०.३ व्होल्टवर आली.

जोड सगळे क्रिंप केलेले आहेत, डाग दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला, एकही नाही. डाग दिला की कथील तारांमध्ये वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि ताठ भाग संपतो तिथेच तार थरथरीने तुटते. हे मला ओझरच्या एका काकांनी दाखवले. तिथल्या विमान कारखान्यात, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, त्यांनी उभी नोकरी वायरिंगवर केली. आमच्या जुडग्याला मी प्लास्टिकच्या टाय लावणार होतो. त्यांनी मेणाचा दोरा आणला आणि दर काही बोटांवर गाठ देत जुडगा बांधून दाखवला. "वायर लटकूही द्यायची नाही आणि ताणूही द्यायची नाही," ते म्हणाले. "आणि वळणाच्या आधी तिला आधार पाहिजे, वळणावर नाही." टायची कापलेली धार पुढे दुसऱ्या वायरीला आणि हाताला कापते, दोरा कापत नाही. शिवाय दोऱ्याने बांधलेला जुडगा जुन्या डॅशच्या मागे शोभूनही दिसतो.

लाकडी बोटीत मोटारीसारखे अंगाला अर्थ देता येत नाही. प्रत्येक उपकरणाला परतीची वायर द्यावी लागते आणि त्या सगळ्या एका बसबारवर, म्हणजे धातूच्या एका सामाईक पट्टीवर, आणाव्या लागतात. मूळ बोट त्या काळच्या अनेक ब्रिटिश वाहनांप्रमाणे पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे परतीच्या वायरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडलेल्या होत्या. ती निगेटिव्हवर आणताना इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात, म्हणजे स्पार्क प्लगच्या मधल्या टोकाला ठिणगी योग्य ध्रुवाची मिळते. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्मिथ्सच्या त्या काळच्या विजेवरच्या टॅकोमीटरमध्ये कॉइलकडे जाणारी पांढरी वायरच मीटरच्या पाठीमागून वळसा घेऊन जाते आणि तिच्यातल्या प्रवाहाचे ठोके मीटर मोजतो. ध्रुव बदलला की वळशाची दिशाही उलटवावी लागते आणि मीटरच्या आतली वीजजोडणीही. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, उपकरणासाठी नाही. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. त्याच अमेरिकन मानकात हे अंतर मुळात ७ इंच धरले आहे. तळातले पाणी उपसणारा पंप आम्ही मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर जोडला, म्हणजे सगळे बंद करून माणूस घरी गेला तरी तो चालू राहतो. ब्लोअरचे बटण किल्लीच्या अगदी शेजारी, मूळच्या एका भोकात बसवले. इंजिन सुरू करण्याआधी निदान ४ मिनिटे तो चालला पाहिजे, आणि हात किल्लीकडे जाताना बटण दिसले तरच ते नेहमी पाळले जाते.

बॅटरी प्रथम जोडताना मुख्य फ्यूजच्या जागी एक १२ व्होल्टचा बल्ब लावला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि वायर वाचते. सगळे स्विच बंद असताना बल्ब विझलेला राहिला. मग एकेक सर्किट सुरू करत मल्टिमीटरने दोन्ही टोकांचे व्होल्ट टिपून घेतले, आणि हिशेबातला आणि प्रत्यक्षातला फरक नगण्य निघाला. मीटरांतले २.२ वॅटचे जुने बल्ब ठेवले आहेत, कारण पिवळसर तबकडीवर एलईडीचा पांढरा प्रकाश मला परका वाटतो. नव्या आराखड्याची एक प्रत फळीच्या मागच्या झाकणाला आतून लावली आहे, फेरूलच्या क्रमांकांसह. आता तळाच्या फळ्यांमधल्या सांध्यांचे काम बाकी आहे, ते पावसाळ्यानंतर काढू. तोवर डॅश कापडाखाली झाकून ठेवला आहे आणि बॅटरी सोडवून ठेवली आहे.